अँटी-टीपीओ निगेटिव्ह, तरीही टीएसएच वाढलेला : काय तपासावे आणि उपचार कसे घ्यावेत

थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारे संप्रेरक) वाढलेला, फ्री टी-४ (ग्रंथीचे स्वतःचे संप्रेरक) कमी किंवा जेमतेम, आणि त्याच कागदावर खाली अँटी-टीपीओ (थायरॉइडविरोधी अँटीबॉडी) ‘निगेटिव्ह’, असा रिपोर्ट आला की दोन प्रकारचे सल्ले हमखास मिळतात. अँटीबॉडी नाहीत म्हणजे हाशिमोटोचा आजार, म्हणजे शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे थायरॉइडला होणारा दीर्घकालीन दाह, नाही, तेव्हा फार मनावर घेऊ नये, असे एक जण सांगतो. टीएसएच वाढला म्हणजे आता जन्माची गोळी लागली, अँटीबॉडीचे काय घेऊन बसलात, असे दुसरा सांगतो. दोन्ही सल्ले घाईचे आहेत. निगेटिव्ह अँटीबॉडीमुळे ग्रंथीचा दीर्घकालीन दाह नाही असे सिद्ध होत नाही, आणि आज गोळी सुरू करायची की नाही हेही त्या एका आकड्यावर ठरत नाही. अशा रुग्णाने सोडवायचा प्रश्न वेगळाच असतो : ग्रंथीतला बिघाड कायमचा आहे की काही महिन्यांत भरून येणारा आहे? त्याचे उत्तर मिळेपर्यंत कोणत्या क्रमाने जावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

अँटीबॉडीशिवाय दाह कसा असू शकतो

जपानी शल्यचिकित्सक हाकारु हाशिमोटो यांनी १९१२ साली एका जर्मन वैद्यकीय नियतकालिकात चार स्त्रियांच्या थायरॉइड ग्रंथींचे वर्णन प्रसिद्ध केले. सूक्ष्मदर्शकाखाली त्या ग्रंथींत लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींची गर्दी झालेली दिसत होती. अशा रुग्णांच्या रक्तात थायरॉइडविरोधी अँटीबॉडी असतात हे लंडनमधील संशोधकांनी दाखवून दिले ते १९५६ मध्ये. म्हणजे चाळीसहून अधिक वर्षे हा आजार केवळ ग्रंथीच्या ऊतींवरून ओळखला जात होता, आणि रक्ततपासणी ही नंतर हाती आलेली, सोयीची पण अपुरी खूण आहे.

ग्रंथीच्या पेशींचा नाश घडवून आणण्यात मोठा वाटा टी-लिम्फोसाइट पेशींचा असतो, आणि अँटीबॉडी बऱ्याच अंशी त्या घडामोडीची साक्ष असतात. ही साक्ष प्रत्येकाच्या रक्तात सापडेलच असे नाही. हाशिमोटोच्या सुमारे ९० टक्के रुग्णांत अँटी-टीपीओ सापडते, तर अँटी-थायरोग्लोब्युलिन त्याहून कमी जणांत सापडते. उरलेल्यांपैकी काहींचा आजार सौम्य किंवा अगदी सुरुवातीचा असतो, काहींच्या अँटीबॉडी ग्रंथीतच तयार होऊन रक्तात मोजण्याइतक्या उतरत नाहीत, आणि काहींची ग्रंथी वर्षानुवर्षांच्या दाहाने इतकी आक्रसलेली असते की अँटीबॉडीची पातळीही ओसरलेली असते. शिवाय तपासणीचे किट बदलले की ‘निगेटिव्ह’ची सीमारेषाही बदलते, त्यामुळे सीमेच्या अगदी खाली आलेला आकडा आणि शून्याजवळचा आकडा यांना एकच अर्थ देऊ नये. अँटीबॉडी नसलेल्या गटाचा आजार सरासरीने सौम्य असतो, ग्रंथी फारशी वाढलेली नसते आणि टीएसएचही तुलनेने कमी चढलेला असतो, असे आजवरच्या निरीक्षणांत आढळले आहे.

याची उलट बाजूही लक्षात ठेवण्यासारखी आहे. देशातील आठ शहरांतील प्रौढांची एक मोठी पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात सुमारे ११ टक्के लोकांना हायपोथायरॉइडिझम (थायरॉइडचे काम मंदावणे) आढळला आणि अँटी-टीपीओ मात्र सुमारे २२ टक्के लोकांत पॉझिटिव्ह निघाली. अँटीबॉडी असूनही ज्यांची ग्रंथी ठीक चालली आहे असे लोक आपल्या आसपास भरपूर आहेत, हाच याचा अर्थ.

पहिली पायरी : रिपोर्ट खरा आहे का

टीएसएच १० च्या वर आणि फ्री टी-४ स्पष्टपणे कमी असेल, किंवा स्त्री गरोदर असेल, तर थांबायचे कारण नाही. लगेच डॉक्टरांकडे जावे. पण पुण्यातल्या हेल्थ चेकअप पॅकेजमधून बाहेर पडणारे बहुसंख्य रिपोर्ट पाच ते दहाच्या मधले असतात, आणि फ्री टी-४ व्यवस्थित असते. अशा वेळी दोन ते तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी. या अवधीत कितीतरी जणांचा टीएसएच काहीही न करता सामान्य पातळीवर येतो. मोठ्या आजारातून उठताना, डेंग्यूनंतर किंवा रुग्णालयातून घरी आल्यावर टीएसएच काही आठवडे वाढलेला राहू शकतो. वजन बरेच जास्त असणाऱ्यांतही तो किंचित वर असतो, आणि वयानुसार त्याची सामान्य मर्यादाही वर सरकते. सत्तरीच्या आजोबांचा सहा हा आकडा आणि पंचविशीतल्या मुलीचा सहा एकाच मापाने मोजू नये.

पुन्हा तपासताना शक्यतो तीच लॅब आणि तीच सकाळची वेळ ठेवावी, कारण टीएसएच रात्री व पहाटे जास्त आणि दुपारी कमी असतो. या तपासणीसाठी उपाशी राहणे आवश्यक नाही. थायरॉइडची गोळी आधीच चालू असेल तर त्या दिवशी रक्त दिल्यानंतरच ती घ्यावी. केस आणि नखांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन हे जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत असते आणि त्याने काही यंत्रांवर टीएसएच खोटा कमी तर टी-४ खोटे जास्त दिसते, म्हणून अशा गोळ्या निदान दोन-तीन दिवस आधी बंद कराव्यात आणि तसे लॅबला सांगावे.

एक प्रकार मात्र घरी अजिबात निस्तरू नये. फ्री टी-४ कमी असूनही टीएसएच कमी किंवा ‘नॉर्मल’ असेल, तर दोष थायरॉइडमध्ये नसून मेंदूच्या तळाशी असलेल्या, टीएसएच बनवणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीत असण्याची शक्यता असते. बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला, त्यानंतर दूध आले नाही, पाळी परतली नाही आणि थकवा वाढतच गेला, असा इतिहास असलेल्या स्त्रीत शीहान सिंड्रोम (रक्तस्रावामुळे पिट्युटरीला झालेली इजा) शोधावा लागतो. यात कॉर्टिसॉल हे जीवनावश्यक संप्रेरकही कमी असू शकते. ते न तपासता थायरॉइडची गोळी दिली तर रुग्णाची प्रकृती धोकादायकरीत्या बिघडू शकते. केवळ टीएसएच करणाऱ्या स्वस्त पॅकेजात हा आजार निसटतो, म्हणून लक्षणे ठळक असताना फ्री टी-४ सोबत करून घ्यावे.

दुसरी पायरी : इतिहास नीट सांगणे

अँटीबॉडी निगेटिव्ह असणाऱ्याच्या बाबतीत सर्वांत जास्त माहिती देणारी तपासणी ही फुकट असते. ती म्हणजे डॉक्टरांसमोर बसून दिलेली उत्तरे. पण ओपीडीतली पाच मिनिटे पुरत नाहीत, म्हणून उत्तरे कागदावर लिहून न्यावीत.

गेल्या वर्षभरात बाळंतपण किंवा गर्भपात झाला आहे का? प्रसूतीनंतरचा थायरॉइड दाह अँटीबॉडी असलेल्यांत अधिक दिसतो, तरी नसलेल्यांतही होतो, आणि बऱ्याच जणींत वर्षाच्या आत ग्रंथी पूर्ववत होते. मध्यंतरी ताप, अंगदुखी आणि गळ्याच्या पुढच्या भागात कानापर्यंत जाणारी कळ आली होती का? विषाणुसंसर्गानंतर येणारा हा वेदनादायक दाह प्रथम संप्रेरक वाढवतो, मग काही आठवडे ते कमी करतो आणि बहुधा बरा होतो. तेव्हा रक्तात ईएसआर (दाहाची खूण देणारी तपासणी) बराच वाढलेला सापडतो. मानेला रेडिएशन, थायरॉइडची शस्त्रक्रिया, रेडिओआयोडीन यांपैकी काही पूर्वी झाले असेल तर कारण उघड असते.

औषधांचा प्रश्न सगळ्यांत जास्त वगळला जातो. हृदयाच्या ठोक्यांसाठीचे अमिओडॅरोन, मानसिक आजारातील लिथियम, आणि कर्करोगावरील काही नवी औषधे ग्रंथीचे काम मंद करू शकतात. अमिओडॅरोनच्या २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असते, तर प्रौढ माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे मिलिग्रॅमचाही सातवा हिस्सा. सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून दिलेल्या रंगद्रव्यातही आयोडीनचा मोठा साठा असतो. आयोडीन अती झाले तर काही ग्रंथी संप्रेरक बनवणेच थांबवतात. आयुर्वेदिक औषधेही यादीत लिहावीत. विशेषतः अश्वगंधा, कारण तिने थायरॉइड संप्रेरके वाढल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत आणि मग रिपोर्टचा अर्थ लावणे अवघड होते. सगळ्यात सोपे म्हणजे घरातली औषधांची पिशवीच घेऊन जावी.

मिठाचेही विचारले जाते. थेट खाण्यासाठीच्या मिठात आयोडीन घालणे देशात सक्तीचे असल्याने, रोजच्या स्वयंपाकात पाकिटातले मीठ वापरणाऱ्या पुणेकर घरात आयोडीनची कमतरता हे सहसा कारण नसते. पण हल्ली उपासापुरते असलेले सैंधव बाराही महिने वापरण्याची टूम निघाली आहे. साध्या सैंधवात पुरेसे आयोडीन नसते, आणि त्या घरात गरोदर स्त्री असेल तर हा बदल मुळीच शहाणपणाचा नाही. उलट टोकाला जाऊन समुद्री शेवाळाच्या किंवा ‘थायरॉइड सपोर्ट’च्या आयोडीनयुक्त गोळ्या घेणे हेही तितकेच चुकीचे आहे.

शेवटी घरच्यांचा इतिहास. आई, मावशी, बहीण यांपैकी कोणी थायरॉइडची गोळी घेते का, कोणाला कोड, टाइप १ मधुमेह, सीलिॲक (गव्हातील ग्लुटेन न सोसणारा आतड्याचा आजार) किंवा संधिवात आहे का, हे विचारून ठेवावे. अँटीबॉडी निगेटिव्ह असताना स्वयंप्रतिकाराकडे (प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच अवयवावर केलेल्या हल्ल्याकडे) बोट दाखवणारा हा एक भक्कम पुरावा असतो.

तिसरी पायरी : मोजक्या तपासण्या

अँटी-टीपीओ निगेटिव्ह असेल तर एकदा अँटी-थायरोग्लोब्युलिन करून पाहण्यात अर्थ आहे. थोड्या रुग्णांत फक्त तेवढेच पॉझिटिव्ह सापडते. त्यानंतर दर सहा महिन्यांनी या दोन्ही चाचण्या करत राहणे म्हणजे पैशांचा अपव्यय आहे, कारण अँटीबॉडीचा आकडा कमी-जास्त झाल्याने गोळीची मात्रा बदलत नाही.

खरा उपयोग होतो तो गळ्याच्या सोनोग्राफीचा. निरोगी ग्रंथी पडद्यावर एकसारखी उजळ दिसते. दीर्घकाळ दाह झालेली ग्रंथी काळपट आणि विषम दिसते, तिच्यात बारीक गडद ठिपके आणि मधून तंतूंचे पांढरे पट्टे असतात. रिपोर्टमध्ये ‘हायपोएकोइक’, ‘हेटरोजीनियस’, ‘थायरॉइडायटिस’ असे शब्द येतात ते याच चित्राबद्दल. अँटीबॉडी नसताना वाढलेला टीएसएच आणि असे चित्र एकत्र आले, आणि दुसऱ्या पायरीतले कोणतेही कारण सापडले नाही, तर त्याला अँटीबॉडीविरहित स्वयंप्रतिकारी दाह मानणे रास्त ठरते. मात्र वेदनादायक किंवा प्रसूतीनंतरच्या दाहातही ग्रंथी काही काळ काळपट दिसू शकते, म्हणून चित्र आणि इतिहास वेगवेगळे वाचू नयेत. सुईने पेशी काढून केलेली एफएनएसी तपासणी दाहाची खात्री नक्की देते, पण केवळ त्यासाठी ती करत नाहीत. सोनोग्राफीत संशयास्पद गाठ दिसली तरच ती करायची.

याबरोबर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा), बी-१२, लिपिड आणि साखर एकदा पाहून घ्यावी. बी-१२ चा आग्रह पुण्यात विशेष धरावा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या गावांतील गरोदर स्त्रियांचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यात बी-१२ ची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळली होती. थकवा, विसराळूपणा, हातापायांना मुंग्या ही लक्षणे बी-१२ च्या अभावाचीही असतात, आणि त्यांचे खापर थायरॉइडवर फुटून गोळी विनाकारण वाढवली जाते.

चौथी पायरी : कायमचे की तात्पुरते

समजा, एकाच वयाच्या दोन स्त्रिया आहेत, दोघींचा टीएसएच १४, फ्री टी-४ किंचित कमी, आणि अँटी-टीपीओ निगेटिव्ह. पहिलीचे बाळ पाच महिन्यांचे आहे, घरात कोणाला थायरॉइड नाही, आणि तीन महिन्यांपूर्वी तिला धडधड होऊन वजन उतरले होते. दुसरीला मुले मोठी आहेत, तिची आई वर्षानुवर्षे गोळी घेते, तिच्या हातावर कोडाचा डाग आहे आणि सोनोग्राफीत ग्रंथी लहान, काळपट व खडबडीत आहे. कागदावर दोघी सारख्याच दिसतात. पण पहिलीला गोळी दिली तरी ती ठरावीक काळासाठी आहे हे तिला सुरुवातीलाच सांगायला हवे, आणि साधारण सहा ते बारा महिन्यांनी मात्रा हळूहळू कमी करून ग्रंथी स्वतः काम करते का ते तपासायला हवे. दुसरीच्या बाबतीत असा प्रयोग करण्यात फारसे हशील नाही. अँटीबॉडी निगेटिव्ह असणाऱ्या पुष्कळांना हा फरक कोणी सांगितलेलाच नसतो, आणि पहिलीसारख्या अनेक जणी कारण केव्हाच सरून गेल्यावरही वर्षानुवर्षे गोळी घेत राहतात. ‘माझा बिघाड कायमचा आहे असे कशावरून म्हणता?’ हा प्रश्न डॉक्टरांना आदराने पण जरूर विचारावा.

टीएसएच १० च्या आत, फ्री टी-४ सामान्य आणि लक्षणे नसतील, तर गोळीविना दर सहा ते बारा महिन्यांनी लक्ष ठेवणे हाही उपचारच आहे. ज्येष्ठांना हे अधिक लागू पडते : २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील एका चाचणीत, पासष्टीपुढील ७३७ जणांत सौम्य वाढलेल्या टीएसएचसाठी गोळी दिल्याने थकवा वा इतर लक्षणे कमी झाली नाहीत. तरुण, गर्भधारणेच्या तयारीत असलेल्या, गलगंड किंवा स्पष्ट लक्षणे असलेल्या व्यक्तीत मात्र निर्णय गोळीकडे झुकतो. टीएसएच आणि फ्री टी-४ दोन्ही वारंवार सामान्य येत असतील तर केवळ थकव्यासाठी थायरॉइडची गोळी घेऊ नये. थकव्याचे कारण दुसरीकडे शोधावे.

पाचवी पायरी : गोळी नीट घेणे

लेव्होथायरॉक्सिन (गोळीच्या रूपातले टी-४) हेच औषध, मग अँटीबॉडी असोत वा नसोत. ग्रंथी जवळजवळ बंद पडली असेल तर पूर्ण मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे १.६ मायक्रोग्रॅम धरतात. सौम्य बिघाडात २५ ते ५० पुरते, आणि वृद्ध किंवा हृदयरुग्णांत १२.५ ते २५ पासून सावकाश चढतात. औषधाचे शरीरातील अर्धायुष्य सुमारे सात दिवसांचे असल्याने मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांआधी टीएसएच करू नये. त्याआधी आलेला आकडा दिशाभूल करतो.

गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि नंतर अर्धा ते एक तास काही खाऊ-पिऊ नये. इथे अडचण येते ती चहाची. पहाटे टेकडीवर जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी गोळी घेतली तर परत येऊन चहा घेईपर्यंत तास सहज उलटतो. ज्यांना उठल्या उठल्या चहाशिवाय जमतच नाही, त्यांनी रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी झोपताना घ्यावी. तेही चालते, मात्र रोज तीच वेळ पाळावी. कॅल्शियम व लोहाच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर हवे. बाळंतिणीला दोन्ही चालू असतात आणि सोयीसाठी तिन्ही गोळ्या एकत्र दिल्या जातात, मग टीएसएच उतरत नाही आणि मात्रा वाढवत नेली जाते. ॲसिडिटीच्या रोजच्या गोळ्या आणि सोयाबीनचे पदार्थ यांनीही शोषण घटते. उपास असला तरी गोळी चुकवू नये. थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन यांपैकी जी कंपनी मानवते ती शक्यतो बदलू नये, आणि बदलली तर सहा ते आठ आठवड्यांनी तपासावे. पावसाळ्यात बाटली घट्ट बंद करून कोरड्या जागी ठेवावी. ओट्यावर गॅसशेजारी नको.

आहाराबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. शिजवलेली कोबी-फ्लॉवर खायला हरकत नाही, सीलिॲक नसेल तर पोळी सोडण्याचे कारण नाही, आणि सेलेनियमच्या गोळ्या सरसकट घ्याव्यात इतका पुरावा नाही.

सहावी पायरी : गर्भधारणा आणि पाठपुरावा

गोळी चालू असताना पाळी चुकली आणि तपासणी पॉझिटिव्ह आली, तर डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करावा. गरोदरपणात गरज साधारण पंचवीस ते तीस टक्क्यांनी वाढते, म्हणून पुष्कळ डॉक्टर आठवड्याला दोन गोळ्या जादा घ्यायला सांगतात आणि पहिल्या निम्म्या काळात दर चार आठवड्यांनी टीएसएच करतात. अँटीबॉडी निगेटिव्ह आहेत म्हणून यात ढिलाई चालत नाही, कारण बाळाला सुरुवातीचे कित्येक आठवडे आईच्याच संप्रेरकावर अवलंबून राहावे लागते. दूध पाजताना ही गोळी सुरक्षित आहे.

इतरांनी मात्रा स्थिरावल्यावर वर्षातून एकदा टीएसएच करावा आणि सगळे रिपोर्ट तारखेनुसार एका फाइलमध्ये लावावेत. खासगी तज्ज्ञ असोत वा ससून या सरकारी रुग्णालयाची ओपीडी, नव्या डॉक्टरांना एका आकड्यापेक्षा पाच वर्षांचा आलेख अधिक उपयोगी पडतो. मात्रा जास्त झाली तर वजन उतरेल म्हणून खूश होऊ नये. टीएसएच दबलेला राहिल्यास हाडे ठिसूळ होतात आणि उतारवयात हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात.

गळ्याची गाठ काही आठवड्यांत भराभर वाढू लागली, गिळताना अडकू लागले किंवा आवाज बसला, तर सोनोग्राफी पुन्हा करून लगेच तज्ज्ञांना दाखवावे, कारण दीर्घकाळ दाह असलेल्या ग्रंथीत क्वचित लिम्फोमा (लिम्फोसाइट पेशींचा कर्करोग) होतो. गोळी बंद केलेल्या वृद्ध रुग्णाला थंडीत गुंगी येऊ लागली, शरीर गार पडले, नाडी मंद झाली, तर सकाळची वाट न पाहता त्याला रुग्णालयात न्यावे. आणि गोळी कमी करून बंद करण्याचा प्रयोग यशस्वी झालेल्यांनीही पहिल्या वर्षात दोन-तीनदा आणि नंतर दरवर्षी टीएसएच पाहत राहावे, कारण एकदा सावरलेली ग्रंथी काही वर्षांनी पुन्हा मंदावू शकते.